कवटीच्या तळाची किंवा ब्रेनस्टेमची गाठ: कुठून शिरायचं हे कशावरून ठरतं?

प्रश्न बार्शीच्या एका फॅमिली डॉक्टरांचा आहे. त्यांच्या चाळिशीतल्या एका पेशंटची चेहऱ्याची उजवी बाजू बधिर झाली आहे आणि चालताना तोल जातो. ऐकू मात्र दोन्ही कानांनी नीट येतं. एमआरआयमध्ये साडेतीन सेंटिमीटरचा पेट्रोक्लायव्हल मेनिंजिओमा निघाला, म्हणजे कवटीच्या तळाशी मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ. एका सर्जननी सांगितलं, नाकातून दुर्बिणीने काढू. दुसऱ्यांनी सांगितलं, कानामागून. दोघेही अनुभवी. मग बरोबर कोण? आणि ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या, आत गाठ असेल तर हाच विचार लागू होतो का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. गाठ आणि सर्जनचा हात यांच्यामध्ये काय येतं, त्यावरून मार्ग ठरतो. गाठीने नसा कुठल्या बाजूला ढकलल्या आहेत ते शोधायचं आणि नसा नसलेल्या बाजूने शिरायचं. ब्रेनस्टेमच्या आतही विचार हाच, फक्त तिथे नसांच्या जागी त्यांची केंद्रकं (नसा जिथून निघतात ते पेशींचे पुंजके) आणि हातापायांकडे जाणारे तंतू धरायचे. चीर केवढी, दुर्बीण की मायक्रोस्कोप, हे प्रश्न त्यानंतर येतात. गाठीचा कुठला भाग मुद्दाम आत ठेवायचा, तेही मार्ग निवडतानाच ठरलेलं असलं पाहिजे. टेबलावर ठरवायला गेलं की उशीर झालेला असतो.

आधी हे पाहा की ऑपरेशन हवंच आहे का

सोलापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या पट्ट्यातल्या पेशंटच्या पॉन्समध्ये (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात) कडीसारखा चकाकणारा डाग दिसला, तर ट्यूमरच्या आधी ट्युबरक्युलोमाचा, म्हणजे टीबीच्या गाठीचा, विचार करायचा. टी-टू चित्रात (एमआरआयच्या ज्या चित्रात पाणी पांढरं दिसतं) मध्यभाग काळसर, स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं मोजणाऱ्या तपासणीत) लिपिडचं शिखर, छातीच्या सीटीत जुन्या-नव्या खुणा असं जुळलं, तर टीबीची औषधं आणि स्टेरॉइड सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. औषधं किमान वर्षभर चालतात, बऱ्याचदा दीड वर्षही. सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ उलट मोठी झालेली दिसू शकते. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. औषध लागू पडत नाही असं समजून घाईने ऑपरेशनला नेलं तर पेशंटचं विनाकारण नुकसान होतं. तिथे स्टेरॉइडची मात्रा वाढवून थांबायचं असतं. डोक्यात पाणी साठत असेल तर त्याची सोय मात्र लगेच करायची.

मधुमेही माणसाच्या कवटीच्या तळाशी हाड खाणारी, टी-टू चित्रात काळी दिसणारी गाठ असेल तर बुरशी डोक्यात ठेवा. म्युकर किंवा अॅस्परजिलस निघाला तर पुढचा सगळा आराखडा बदलतो. म्हणून आधी नाकातून तुकडा घेऊन तपासायचा.

लहान मुलाचा संपूर्ण पॉन्स सुजल्यासारखा फुगलेला आणि त्रास काही आठवड्यांतच वाढलेला, अशा डिफ्यूज ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींच्या पसरलेल्या ट्यूमरमध्ये) गाठ काढायला जागाच नसते. ती निरोगी तंतूंमध्ये मिसळलेली असते. तिथे फार तर सुईने तुकडा घ्यायचा, उपचार रेडिएशनचा. मिडब्रेनच्या (ब्रेनस्टेमच्या वरच्या भागाच्या) मागच्या पाटीतला लहानसा, न चकाकणारा टेक्टल ग्लायोमा याच्या अगदी उलट. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्रास होतो तो पाणी अडल्यामुळे, आणि एंडोस्कोपने तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट करून दिली की बहुतेकदा काम होतं.

कोणते स्कॅन, आणि त्यात काय वाचायचं

नेहमीचा पाच मिलिमीटर जाडीच्या कापांचा एमआरआय निदानाला पुरतो, मार्ग ठरवायला पुरत नाही. एक मिलिमीटरच्या कापांचा कॉन्ट्रास्ट टी-वन हवा. थ्रीडी सिस किंवा फिएस्टा (एमआरआयचेच बारीक प्रकार) हवा, कारण पाण्यात तरंगणाऱ्या नसा त्यातच स्वतंत्र दिसतात. शिवाय शिरांसाठी एमआर व्हेनोग्राम, धमन्यांसाठी सीटी अँजिओ, आणि अर्धा ते एक मिलिमीटरचा हाडांचा सीटी. हाडांचा सीटी लोक गाळतात, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. पेट्रस हाडात (कानाभोवतीच्या कवटीच्या हाडात) हवेच्या पोकळ्या किती, जुगुलर बल्ब (मानेच्या मोठ्या शिरेचं वरचं टोक) वर चढलेला आहे का, स्फेनॉइड सायनस (नाकामागची हवेची पोकळी) मोकळा आहे की हाडाने भरलेला, कॅरॉटिडवरचं (मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीवरचं) हाड शाबूत आहे का, ही सगळी माहिती फक्त तिथेच मिळते.

मेनिंजिओमात टी-टू चित्र नीट वाचा. गाठ पांढरट असेल तर ती सहसा मऊ असते, सक्शनने निघते. काळी असेल तर तंतुमय आणि कडक. कडक गाठ अरुंद फटीतून तुकड्या-तुकड्याने काढणं फार अवघड, तिथे रुंद मार्ग लागतो. ब्रेनस्टेमवर टी-टूमध्ये पांढरी सूज दिसत असेल तर गाठ आणि ब्रेनस्टेम यांच्यामधला अरॅक्नॉइडचा पडदा बहुधा उरलेला नाही. अशा वेळी तिथे गाठीचा पातळ पापुद्रा ठेवायचा हे ऑपरेशनच्या आधीच ठरवायचं आणि नातेवाइकांनाही सांगायचं.

नसांची बाजू

नाकातून एंडोस्कोपने जाण्याचा मार्ग मधल्या रेषेत चालतो. पिट्युटरी ग्रंथीची गाठ, क्लायव्हसचा (ब्रेनस्टेमसमोरच्या हाडाच्या उताराचा) कॉर्डोमा नावाचा हाडातला ट्यूमर, दृष्टीच्या नसांना खालून वर उचलणारा ट्युबरक्युलम सेलाचा (पिट्युटरीच्या पुढच्या हाडावरचा) मेनिंजिओमा, पिट्युटरीजवळचे काही क्रॅनिओफॅरिंजिओमा, या सगळ्यांत नसा वर किंवा बाजूला असतात आणि गाठ समोर येते. मेंदूला हात लावावा लागत नाही. ट्युबरक्युलमची गाठ कॅरॉटिडच्या बाहेर पसरली किंवा तिने धमन्यांना चहूबाजूंनी वेढलं, की मात्र कपाळाच्या बाजूने टेरिओनल मार्ग बरा. नाकातून कॅरॉटिडच्या पलीकडे पाहता येत नाही, आणि तिथे रक्तस्राव झाला तर आवरायला जागा नसते.

या मार्गाचं यश शेवटी बंद करण्यावर अवलंबून असतं. नाकाच्या पडद्याचा रक्तवाहिनीसकट उचललेला नेझोसेप्टल फ्लॅप २००६ पासून वापरात आला आणि मेंदूभोवतीचं पाणी गळण्याचं प्रमाण खूप खाली आलं. हा फ्लॅप सुरुवातीलाच उचलून घशाच्या बाजूला सुरक्षित ठेवावा लागतो. आधी स्फेनॉइड उघडून टाकला तर त्याची रक्तवाहिनी तुटते आणि शेवटी झाकायला काही उरत नाही. नाकाचं आधी ऑपरेशन झालं असेल तर तो फ्लॅप शिल्लक आहे की नाही हे ओपीडीतच दुर्बिणीने पाहून घ्यावं.

आता तुमच्या पेशंटची गाठ. पेट्रोक्लायव्हल मेनिंजिओमा पाचव्या नसेच्या आतल्या बाजूला, क्लायव्हसच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात, पेट्रस हाडाच्या जोडावर रुजलेला असतो. पाचवी (चेहऱ्याची संवेदना), सातवी (चेहऱ्याची हालचाल), आठवी (ऐकणं आणि तोल) या नसा त्याच्या बाहेरच्या आणि मागच्या बाजूला ताणलेल्या असतात. सहावी नस (डोळा बाहेर वळवणारी) गाठीच्या आतल्या कडेला, डोरेलोच्या कालव्याकडे (तिच्या अरुंद वाटेकडे) जाते. नाकातून गेलं तर क्लायव्हसवरचा मधला भाग हाताला लागेल, पण पेट्रस हाडामागचा मोठा भाग लागणार नाही. वाटेत पेट्रस कॅरॉटिड आणि सहावी नस आहेत. वर पॉन्ससमोरची पाण्याची पोकळी नाकात उघडते, म्हणजे गळतीची शक्यता सर्वात जास्त असलेली जागा. दिलेल्या वर्णनावरून या गाठीला नाकाचा मार्ग बसत नाही.

कानामागचा, म्हणजे रेट्रोसिग्मॉइड मार्ग बसतो, पण त्याची किंमत समजून घ्या. या बाजूने पाहिलं तर नसा सर्जन आणि गाठ यांच्या मधे येतात. पाचवी आणि सातवी-आठवी यांच्यामधली फट, आणि सातवी-आठवी व नववी यांच्यामधली फट, एवढ्या दोन खिडक्यांतून काम चालतं. गाठ मऊ असेल आणि ती स्वतःच या खिडक्या रुंद करत असेल, तर हा मार्ग उत्तम. तो बहुतेक न्यूरोसर्जनच्या हातातला असतो आणि वेळ कमी लागतो. कानाच्या आतल्या कालव्याच्या वरचा हाडाचा उंचवटा कवटीच्या आतून घासला की मेकेल्स केव्हमधला (पाचव्या नसेच्या पोकळीतला) थोडा भागही गाठता येतो.

तिसरा पर्याय तुम्हाला कोणी सांगितला नाही असं दिसतं, म्हणून लिहितो. गाठ कानाच्या आतल्या कालव्याच्या, म्हणजे इंटर्नल ऑडिटरी कॅनालच्या, वरच्याच पातळीत असेल, मेकेल्स केव्हमध्ये शिरलेली असेल आणि ऐकू नीट येत असेल, तर कावासेंनी १९८५ मध्ये मांडलेला अँटीरियर पेट्रोसल मार्ग बघायलाच हवा. टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) खालून, ड्युराच्या (मेंदूच्या जाड आवरणाच्या) बाहेरून जाऊन पेट्रस हाडाचं टोक घासायचं. हद्द अशी: बाहेरून ग्रेटर सुपरफिशियल पेट्रोसल नस, पुढे पाचव्याची तिसरी शाखा, मागे आर्क्युएट उंचवटा, आतल्या बाजूला सुपिरियर पेट्रोसल सायनस (इथे सायनस म्हणजे आवरणातली मोठी शीर). त्या पेट्रोसल नसेखाली कॅरॉटिड असते आणि मागच्या कोपऱ्यात कॉक्लिया (आतल्या कानाचा ऐकण्याचा शंख). ड्रिल कोपऱ्यात जास्त गेलं तर ऐकू येणं गेलं. नस ओढली तर ताण जेनिक्युलेट गँग्लियनवर (सातव्या नसेवरच्या पेशींच्या पुंजक्यावर) येऊन चेहरा वाकडा होतो, आणि ती तुटली तर डोळा कोरडा पडतो. फायदा मोठा आहे: सर्जन सातव्या-आठव्याच्या पुढे उतरतो आणि गाठीचं रक्त जिथून येतं ते मूळ पहिल्या तासातच जाळता येतं. कालव्याच्या खाली उतरलेला भाग मात्र इथून निघत नाही.

गाठ दोन्ही पातळ्यांत पसरलेली आणि मोठी असेल तर सिग्मॉइडच्या (कानामागच्या मोठ्या शिरेच्या) पुढून पोस्टीरियर पेट्रोसल मार्ग घेतात किंवा दोन टप्प्यांत दोन मार्ग वापरतात. इथे लाबेची शीर (टेम्पोरल लोबचं रक्त नेणारी) ट्रान्सव्हर्स सायनसला कुठे मिळते ते व्हेनोग्रामवर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती बंद पडली तर टेम्पोरल लोबमध्ये शिरेचा इन्फार्क्ट होतो (रक्त तुंबून तो भाग मरतो) आणि डाव्या बाजूला असेल तर बोलणं जातं. त्या बाजूचा सिग्मॉइड एकटाच सगळं रक्त वाहून नेत असेल तर त्याला धक्का लावणारा मार्ग टाळायचा.

तेव्हा दोन्ही सर्जनना हेच तीन प्रश्न विचारा: गाठ कालव्याच्या किती खाली जाते, मेकेल्स केव्हमध्ये आहे का, आणि तुम्ही काय ठेवून येणार? कॅव्हर्नस सायनसमधला (पिट्युटरीच्या बाजूच्या शिरांच्या पोकळीतला) भाग, सहाव्या नसेला चिकटलेला भाग आणि पडदा नसेल तिथला ब्रेनस्टेमवरचा पापुद्रा ठेवणं हे शहाणपणाचं आहे. उरलेल्यावर स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी किंवा साधारण ५४ ग्रेचं विभागून दिलेलं रेडिएशन ठेवता येतं. 'शंभर टक्के काढू' हे आश्वासन या गाठीत ऐकून समाधान मानू नका.

रेट्रोसिग्मॉइड करताना एक गोष्ट चुकली की बाकी सगळं चुकत जातं. ड्युरा उघडल्यावर सर्वात आधी सिस्टर्ना मॅग्नापर्यंत (मेंदूखालच्या पाण्याच्या मोठ्या पोकळीपर्यंत) जाऊन पाणी सोडायचं आणि सेरिबेलम (लहान मेंदू) आपोआप खाली बसेपर्यंत थांबायचं. घाईने रिट्रॅक्टर लावला तर सेरिबेलम सुजतो, आणि सुजलेला सेरिबेलम नंतर कशानेच आवरत नाही. सूज आधीपासूनच असेल तर मान फार वळवली आहे का, जुगुलर दाबली जाते का, कार्बन डायऑक्साइड वाढला आहे का, ते आधी बघायचं. मॅस्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) उघड्या पोकळ्या बोन वॅक्सने दोनदा बंद करायच्या, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. राहिलेल्या एका पोकळीतून पाणी मधल्या कानात आणि तिथून युस्टेशियन नळीने नाकात येतं. मग पेशंट सांगतो, 'वाकलं की नाकातून खारट पाणी येतं', आणि सर्दी समजून आठवडा जातो.

व्हेस्टिब्युलर श्वानोमाबद्दल, म्हणजे आठव्या नसेच्या गाठीबद्दल, थोडक्यातच. लहान गाठ आणि वय जास्त असेल तर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एमआरआय करत थांबता येतं. वाढत असेल पण अडीच-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर १२ ते १३ ग्रेच्या रेडिओसर्जरीचा विचार होतो. मोठी, ब्रेनस्टेम दाबणारी असेल तर ऑपरेशन: ऐकू येणं वाचवायचं असेल तर रेट्रोसिग्मॉइड, ते आधीच गेलेलं असेल तर ट्रान्सलॅबिरिंथाइन (आतल्या कानातून). चेहऱ्याची नस पुढच्या बाजूला पापडासारखी पातळ होऊन पसरलेली असते. तिला चिकटलेली शेवटची साल ठेवली तर चेहरा वाचतो.

फोरामेन मॅग्नमच्या (मज्जारज्जू बाहेर पडतो त्या कवटीच्या छिद्राच्या) समोरचा मेनिंजिओमा असेल तर मानेच्या बाजूने 'फार लॅटरल' नावाचा मार्ग. कॉन्डाइल (कवटी मानेवर टेकते तो हाडाचा उंचवटा) मोठ्या प्रमाणात घासण्याचा मोह टाळावा. एक-तृतीयांशपर्यंत ठीक, अर्ध्यापुढे गेलं तर मानेचा जोड ढिला होऊन स्क्रू लावावे लागतात. बऱ्याच गाठींनी मज्जारज्जूला मागे ढकलून स्वतःच वाट करून ठेवलेली असते आणि कॉन्डाइलला हात लावावाच लागत नाही.

ब्रेनस्टेमच्या आत: कॅव्हर्नोमा

ब्रेनस्टेमच्या आत ऑपरेशन होतं ते बहुतेक वेळा कॅव्हर्नोमासाठी, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छासाठी. निर्णय आकड्यांवरून सुरू करावा. एकदा रक्तस्राव किंवा लक्षणं झालेल्या ब्रेनस्टेम कॅव्हर्नोमात पुढच्या पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता साधारण ३१ टक्के, आणि योगायोगाने सापडलेल्या, कधीच त्रास न दिलेल्या कॅव्हर्नोमात साधारण ८ टक्के. दुसऱ्या गटाला ऑपरेशन नको. पहिल्या गटातही गाठ पिया (मेंदूचं सर्वात आतलं पातळ आवरण) किंवा व्हेंट्रिकलच्या तळापर्यंत पोचलेली हवी. चहूबाजूंनी चांगल्या ऊतीने वेढलेल्या गाठीपर्यंत पोचताना होणारं नुकसान बहुधा पुढच्या रक्तस्रावाहून मोठं असतं.

'पोचलेली आहे का' हे वाचताना सर्वात जास्त चूक होते. एसडब्ल्यूआय चित्रात (रक्त टिपणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात) रक्तातलं लोह फुगून दिसतं. गाठ पृष्ठभागाला टेकली आहे असं वाटतं आणि उघडल्यावर दोन-तीन मिलिमीटर निरोगी पॉन्स मधे असतो. म्हणून हा निर्णय टी-वन किंवा सिस चित्रावरच घ्यायचा. एसडब्ल्यूआय इतर कॅव्हर्नोमा आहेत का आणि शेजारी विकासजन्य शीर आहे का हे पाहण्यासाठी वापरायचा. ती शीर आसपासच्या चांगल्या ऊतीचं रक्त वाहून नेते. ती बंद केली तर शिरेचा इन्फार्क्ट आलाच.

दिशेसाठी टू-पॉइंट पद्धत वापरतात. एक बिंदू गाठीच्या मध्यावर, दुसरा गाठ पृष्ठभागाच्या सर्वात जवळ येते तिथे. दोन्ही जोडून रेषा बाहेर वाढवली की ती कवटीला जिथे भेटते तो मार्ग. ही सुरुवात आहे, शेवट नाही. रेषा सहाव्याच्या केंद्रकातून किंवा पिरॅमिडल तंतूंतून (हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंतून) जात असेल तर सरळ रेषा सोडून जवळच्या सुरक्षित प्रवेशजागेने थोडं तिरकं जायचं.

मिडब्रेनच्या समोरून, तिसऱ्या नसेच्या उगमाच्या बाहेर आणि पिरॅमिडल तंतूंच्या आत, एक छोटी पट्टी मिळते. तिथे टेरिओनल किंवा ऑर्बिटोझायगोमॅटिक मार्गाने जातात. बाजूने लॅटरल मेसेन्सेफॅलिक खाच, सबटेम्पोरल किंवा सेरिबेलमच्या वरून बाजूने. मागून कॉलिक्युलसच्या (मिडब्रेनच्या मागच्या उंचवट्यांच्या) वर किंवा खाली, सेरिबेलमवरून मध्यरेषेत. पॉन्समध्ये सर्वात उदार जागा म्हणजे पाचव्या नसेच्या आजूबाजूची, तीही रेट्रोसिग्मॉइडने. मधल्या सेरिबेलर पेडंकलचे (पॉन्सला सेरिबेलमशी जोडणाऱ्या दांड्याचे) तंतू बरंच सोसतात, म्हणून गाठ दोन्हीकडे सारखीच जवळ असेल तर मागून व्हेंट्रिकलच्या तळातून जाण्याऐवजी बाजूने जावं असं माझं स्पष्ट मत आहे. मेडुलामध्ये (ब्रेनस्टेमच्या खालच्या भागात) ऑलिव्ह नावाच्या उंचवट्याच्या मागची खाच 'फार लॅटरल' मार्गाने, आणि ऑबेक्सच्या (चौथ्या व्हेंट्रिकलच्या खालच्या टोकाच्या) खाली मागची मध्य खाच.

चौथ्या व्हेंट्रिकलचा तळ मोहात पाडतो, कारण उघडला की तो समोरच दिसतो. टेलोव्हेलर मार्गाने, टेला आणि खालचा मेड्युलरी पडदा (व्हेंट्रिकलवरचे दोन पातळ पडदे) उघडून, व्हर्मिस (सेरिबेलमचा मधला भाग) न चिरता तिथे जाता येतं. व्हर्मिस चिरला तर मुलांमध्ये बोलणं आठवडेच्या आठवडे बंद पडू शकतं. तळावर मात्र मिलिमीटरचा हिशेब आहे. फेशियल कॉलिक्युलसखाली (तळावरच्या उंचवट्याखाली) सहाव्याचं केंद्रक आणि त्याला वळसा घालणारी सातवी नस असते. मध्यरेषेला लागून मीडियल लाँजिट्युडिनल फॅसिक्युलस (दोन्ही डोळे एकत्र वळवणाऱ्या तंतूंचा जुडगा) असतो. क्योशिमांनी १९९३ मध्ये दाखवलेले कॉलिक्युलसच्या वरचा आणि खालचा असे दोन त्रिकोण वापरायचे. खालचा फार अरुंद आहे. गाठीने उंचवटे सरकवलेले असतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. स्टिम्युलेटरने सातवी कुठे उत्तर देते ते नकाशासारखं काढून घ्यायचं आणि मगच छेद.

पहिल्या रक्तस्रावानंतर दोन ते सहा आठवडे ही बहुतेकदा चांगली वेळ. रक्त पातळ झालेलं असतं, त्याने जागा केलेली असते आणि भोवती जखमेची कडक साल अजून बनलेली नसते. छेद पाच मिलिमीटरच्या आसपास, तंतूंच्या दिशेने. आधी आतलं जुनं रक्त काढायचं, पिशवी आत कोसळू द्यायची, मग तिची भिंत आतल्या बाजूला दुमडत तुकड्यांनी काढायची. बाहेर ओढायचं नाही. भोवतीची पिवळट-तपकिरी साल मेंदूच्या वरच्या भागात काढतात, ब्रेनस्टेममध्ये ती तशीच ठेवायची. रक्तस्राव बहुतेकदा कापसाच्या पट्टीने आणि कोमट सलाइनने थांबतो, बायपोलर कमी पॉवरवर आणि शेवटी. गाठीचा कण मागे राहिला तर तो पुन्हा रक्तस्राव करतो, म्हणून पोकळी चारही बाजूंनी पाहिल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

ऑपरेशननंतर लगेच चेहरा, डोळा किंवा हात आधीपेक्षा वाईट होणं सामान्य आहे. सूज उतरते तसं बरंचसं परत येतं, पण त्याला आठवडे आणि महिने लागतात. नातेवाइकांना हे आधी सांगितलेलं असेल तरच ते नंतर ऐकतात.

भूल, मॉनिटरिंग आणि पोझिशन

एमईपी (हालचालीच्या तंतूंची तपासणी), एसएसईपी (संवेदनेच्या तंतूंची), फेशियल ईएमजी (चेहऱ्याच्या नसेची) आणि कानामागच्या मार्गात बीएईपी (ऐकण्याच्या वाटेची), एवढं मॉनिटरिंग असल्याशिवाय ब्रेनस्टेमला हात लावू नये. त्यासाठी भूल शिरेतून, प्रोपोफॉल आणि ओपिऑइडवर, आणि नळी टाकल्यानंतर स्नायू सैल करणारं औषध पुन्हा नाही. भुलेच्या वायूची मात्रा वाढली की एमईपी मावळतो आणि खरी इजा की औषधाचा परिणाम ते कळेनासं होतं. एसएसईपीची उंची निम्म्यावर आली किंवा वेळ दहा टक्क्यांनी लांबली तर हात थांबवायचा. नाडी अचानक ३५-४० वर आली तर तेही मॉनिटरिंगच आहे. पाचव्या किंवा दहाव्या नसेवर ओढ बसली आहे. ओढ सोडली की नाडी परत येते. आधी अॅट्रोपिन देऊन काम तसंच चालू ठेवलं तर इशारा गेला आणि इजा राहिली.

बसवून करायच्या ऑपरेशनसाठी आधी बबल एको करून हृदयात पीएफओ (वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र) नाही ना ते पाहावं. असेल तर पार्क बेंच (कुशीवर झोपवून) किंवा पालथं. एंड टायडल (बाहेर सोडलेल्या श्वासातला) कार्बन डायऑक्साइड अचानक पडला तर हवा शिरेत गेली असं धरून जखम सलाइनने भरायची, जुगुलर दाबायची, डोकं खाली करायचं आणि सेंट्रल लाइनमधून हवा ओढायची.

सोलापूरहून पाठवताना

पिट्युटरी, बहुतेक कानामागच्या गाठी आणि पाणी साठल्यावरच्या तातडीच्या प्रक्रिया सोलापुरात होतात. ब्रेनस्टेमचा कॅव्हर्नोमा किंवा मोठी पेट्रोक्लायव्हल गाठ जिथे वारंवार होते तिथे पाठवावी. केंद्राला चार गोष्टी विचारा: मॉनिटरिंगला स्वतंत्र माणूस असतो का, नाकाच्या मार्गासाठी ईएनटी सर्जन टीममध्ये आहेत का, कॅरॉटिडला इजा झाली तर त्याच इमारतीत कॅथलॅब (रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करण्याची खोली) आहे का, आणि रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवायची सोय आहे का. कॉर्डोमा असेल तर नंतरचं प्रोटॉन रेडिएशन कुठे मिळेल तेही आधीच बोलून ठेवा. खारघरच्या टाटाच्या अॅक्ट्रेक कर्करोग केंद्रात ती सोय आहे. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका, सगळ्या स्कॅनची डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल तर पूर्वपरवानगीचे कागद इथूनच सुरू करा.

डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी वाढत असलेल्या पेशंटला पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरच्या प्रवासाला तसंच बसवू नका. आधी इथेच पाण्याचा निचरा करून, शुद्ध स्थिर झाल्यावर पाठवा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या किंवा सीमेपलीकडच्या कन्नड बोलणाऱ्या पेशंटची संमती त्याच भाषेत घ्यावी. शिवाय बोलणं आणि गिळणं यांची आधीची नोंदही त्याच भाषेत घ्या, नाहीतर नंतर काय बिघडलं ते कळत नाही.

घरी गेल्यावर तुम्ही काय पाहायचं

सातवी आणि पाचवी दोन्ही अशक्त असतील तर डोळा सर्वात धोक्यात. तो मिटत नाही आणि बधिर असल्याने दुखतही नाही. दिवसा दर दोन तासांनी थेंब, रात्री मलम आणि टेप. बुबुळावर पांढरा डाग दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, गरज पडली तर पापण्या अर्ध्या शिवून टाकायच्या. नाकातून पाणी येत असेल तर वाकून नमुना गोळा करून बीटा-टू ट्रान्सफेरिन (मेंदूच्या पाण्याची खूण असलेलं प्रथिन) तपासा आणि पेशंटला ऑपरेशनच्या केंद्रात परत पाठवा. ताप आणि मान ताठ असेल तर वाट पाहू नका. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास सोडियम घसरतं. सुस्ती, मळमळ, डोकेदुखी असेल तर आधी सोडियम करा. उलट, लघवी सलग दोन तास, तासाला २५० मिलिलिटरच्या वर जात असेल तर डायबेटिस इन्सिपिडस (शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही असा आजार, साखरेचा नव्हे) समजा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तहान लागणारच म्हणून घरचे ते मनावर घेत नाहीत, म्हणून लघवी मोजून लिहायला सांगा.

नववी आणि दहावी नस अशक्त असलेल्या पेशंटचा जीव बहुतेकदा गिळण्यात जातो, गाठीत नाही. घरचे प्रेमाने आधी चहा आणि पाणी देतात, पातळ म्हणजे सोपं असं समजून. पातळ पदार्थ घशातून सर्वात वेगाने निसटतो आणि थेट श्वासनळीत जातो. कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी हे दुसरं टोक, तेही नको. घट्ट खिमट, दही, कुस्करलेलं केळं, असं एकसंध आणि दाट खाणं द्यायचं. ताठ बसवून, हनुवटी छातीकडे घेऊन, चहाच्या चमच्याने एकेक घास. प्रत्येक घासानंतर एक शब्द बोलायला लावायचा. आवाज ओला, घरघरता आला की थांबायचं आणि खोकायला लावायचं. दोन-तीन दिवस तसंच होत असेल तर तोंडाने देणं बंद करून नळी टाकायची, आणि ताप येण्याची वाट न पाहता छातीचा एक्स-रे काढायचा.